पखवाजाचं कुलूप

चाळीत दिवसा दार लावायच्या वेळा दोनच. एक म्हणजे गणपतीला नाहीतर शिमग्याला सगळं बिऱ्हाड गावी जातं तेव्हा, आणि तेव्हाही किल्ली शेजारीच असते. दुसरी वेळ तोंडाने न बोललेली बरी. म्हणून लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गंगाधर घाडीने भर दुपारी दार लोटून आतून कडी घातली तेव्हा गॅलरीत माणसं गोळा झाली. कोणी विचारलं ताप आहे का, कोणी त्याच्या बायकोला, अंबिकेला, हाका मारल्या. कोपऱ्यातल्या खोलीतली गंगुबाई तर पाण्याचा तांब्या घेऊनच आली. गंगाधरने दार वीतभर उघडलं, सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "काय नाय. काम करतंय." दार पुन्हा बंद.

आत काम काय, तर ट्रंकेवर ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. लेकीने, लक्ष्मीने, डोंबिवलीला स्वतःसाठी नवा घेतला आणि हा बापाला आणून दिला. तेव्हा चाळीत सगळे हसले होते. साठी उलटलेला माणूस, शाळा गावच्या देवळात शिकलेला, तो ह्याचं काय करणार? पण गंगाधरला त्याचा उपयोग लवकरच सापडला, आणि तो सापडला नसता तर बरं झालं असतं असं अंबिका पुढे कितीदा तरी म्हणाली.

गंगाधर मिलमध्ये साचेखात्यात, मागावर होता. त्याच खात्यात कुशाबा बुवा होते. पाळी सुटली की बुवांपुढे पेटी आणि गंगाधरपुढे पखवाज. ब्याऐंशीचा संप झाला, मिलचं गेट बंद झालं, आणि बंद झालेलं ते गेट बघत माणसं संध्याकाळच्या संध्याकाळी काढायला लागली. त्या काळात बुवांच्या भजनाला माणसं वाढली आणि चहातली साखर कमी झाली. पुष्कळ जण गावी गेले, काही परतलेच नाहीत. गंगाधर राहिला. अंबिकेने खानावळ चालवली, तो पहारेकरी झाला. आधी हिंदमाताला कापडाच्या गोडाऊनवर, आणि नंतर त्यांच्याच मिलच्या जागी उंच इमारत उभी राहिली तिच्या गेटावर. ज्या गेटातून तरणा असताना आत जायचा, तिथेच उभा राहून तो आता दुसऱ्यांना विचारायचा, कुठे जायचंय, कोणाकडे. ह्या नोकरीने त्याच्या अंगात एक खोड मुरवली. येणाऱ्याच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही, हातांकडे बघायचा.

मग बुवांचा गळा बिघडला. परळच्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाज राहीलच असं नाही. बुवा सरळ गंगाधरकडे आले. डोक्यात नव्या चाली होत्या, माघी गणपतीच्या बारीसाठी बांधलेल्या. ही बारी म्हणजे डबलबारी. समोरासमोर दोन बुवा बसतात, एकाने गजर टाकला की दुसऱ्याने त्याच्या वर टाकायचा, आणि लोक रस्ताभर बसून ऐकतात. तिथे नवी चाल म्हणजे लपवून आणलेलं हत्यार. ती आधी कोणाच्या कानावर गेली की बोथट झाली. समोर बसणार होते नायगावच्या बीडीडी चाळीतले बुधाजी बुवा, ज्यांनी आदल्या साली ह्यांना गप्प बसवलं होतं.

तर लक्ष्मीने दिलेल्या माइकपुढे दुपारच्या दुपारी बुवा गायले आणि गंगाधरने ठेका धरला. बाकीच्या मंडळींना बोलावलं नव्हतं. अंबिकेलाही तांदूळ निवडायला सूप देऊन गॅलरीत बसवलं होतं. "तू काय ऐकलं नाय," असं गंगाधरने तिला बजावलं आणि ती म्हणाली, नाय तर नाय. बुवांनी दोन गजर टाकले. एक घागरीचा, आणि इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी एक नावेचा. नावेचा म्हणताना शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला, पण तो फाटलेला आवाजसुद्धा जागेवरून हलला नाही.

बुवा इस्पितळातून परत आले नाहीत.

आता बारी बुवांच्या चेल्याने करायची होती. तो धोंडू, दादरच्या फूलबाजारात गोण्या उचलणारा, दोन मुलांचा बाप. गळा गोड, पण जे ऐकेल तेच गाईल. स्वतःची चाल बांधणारा नव्हे. घागरीचा गजर त्याने कॉम्प्युटरवरून ऐकून बसवला. तेव्हा कॉम्प्युटर सगळ्यांचा होता म्हणायचा. दार उघडं, यंत्र उघडं. मुलं शाळेतून येऊन त्यावर पत्ते खेळायची, बायका बुवांचा आवाज ऐकायला यायच्या आणि डोळे पुसून जायच्या. गंगाधर पाणी भरायला जायचा तेव्हाही घागरीचा गजर चालूच असायचा; नावेचा तेवढा त्याने अजून कोणाला लावून दिला नव्हता.

आणि मग नायगावला एका हळदीत, मांडवाच्या दारात, बुधाजी बुवांचा झांजवाला केळीचे खांब बांधताना गुणगुणत होता. गंगाधरच्या हातातली सुपारी पडली. घागरीचा गजर. पहिली ओळ, जशीच्या तशी.

तो घरी आला तो पहारेकरीच होऊन आला. मुलांना हाकललं, दार लावलं, जावयाला फोन केला. जावई रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, आपण पासवर्ड टाकू. यंत्र सुरू झालं की विचारेल, बरोबर सांगितलं तरच आत." गंगाधरने मिलच्या बिल्ल्याचा नंबर सुचवला. मोरीकडून अंबिकेने तो आख्खा म्हणून दाखवला. जावई हसला, गंगाधर हसला नाही. त्याने विचारलं की यंत्रच कोणी उचलून नेलं तर? जावयाने सांगितलं, त्यालाही उपाय आहे, गाण्यांनाच कुलूप घालता येतं. तसं केल्यावर पडद्यावर दोन्ही गजरांची नावं हिरवी झाली, आणि गंगाधरला फार बरं वाटलं. "पण एक ध्यानात ठेवा," जावई म्हणाला. "पासवर्ड विसरलात तर मेकॅनिक यंत्र उघडून देईल, पण गाणी उघडणार नाहीत. मलाही नाही, कोणालाच नाही. एक सीडी करून ठेवू या?"

सीडी खिशात घालून चालती होते, असं म्हणून गंगाधरने ती गोष्ट उडवून लावली.

पासवर्ड त्याने शोधला तो मात्र कोणी हेरू शकणार नाही असा. तो जमिनीवर बसायचा आणि कळफलक मांडीवर आडवा घ्यायचा, पखवाजासारखा. डाव्या टोकाला डावा हात, उजव्या टोकाच्या आकड्यांवर उजवा. नावेच्या गजराच्या शेवटी बुवा थांबतात आणि पखवाजाचा जो एक तुकडा वाजतो, तोच त्याने त्या बटणांवर वाजवला. तो झाला पासवर्ड. शब्द नाही, तारीख नाही. त्यातून कोणी हात बघू नयेत म्हणून वर पंचा टाकायचा. आधी लोकांसाठी टाकायचा, मग खोलीत तो एकटा असला तरी.

"कॉम्प्युटर आसा की देवीचो गाभारो?" अंबिका म्हणायची. तिने एकदा विचारलं, तुम्हाला काही झालं तर उघडणार कोण? त्याने पंचा सारखा केला. चेहऱ्यावर दिसलं की बायकोही त्याच्या पहाऱ्यात आता बाहेरच उभी आहे. तिने ते बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. मुलांचे पत्ते बंद झाले. बायकांचं येणं बंद झालं. दर वेळी दार लावा, पंचा घ्या, तुकडा वाजवा, चुकलं तर पुन्हा वाजवा. बुवांचा आवाज ऐकायची हुक्की आली तरी ह्या खटाटोपाला कंटाळून गंगाधरच कधीकधी उठायचा नाही.

नावेचा गजर त्याने धोंडूलासुद्धा ऐकवला नाही. बारीला आठवडा उरला की देईन, म्हणाला. धोंडू मनातून चिडला, पण बुवांच्या मागे गंगाधरच वडीलधारा, म्हणून वाट बघत राहिला.

आठवडा उरला. त्याच रविवारी लक्ष्मी आणि जावई आले ते टेंपोतून टेबल आणि खुर्ची घेऊन. बाबांची कंबर जमिनीवर बसून धरते म्हणून. सोबत नवा कळफलकही आणला, कारण जुन्याची बटणं खडखड वाजायची. टेबल खिडकीशी लागलं, यंत्र वर चढलं, लेक-जावई जेवून गेले. संध्याकाळी धोंडू यायचा होता. गंगाधर खुर्चीवर बसला, पंचा टाकला, तुकडा वाजवला.

यंत्राने घेतलं नाही.

पुन्हा वाजवला. नाही. पंचा काढला आणि बघून वाजवायला गेला, आणि हात हवेतच राहिले. कारण बघायचं काय? कुठलं बोट कुठल्या बटणावर पडतं ते त्याने आजवर बघितलंच नव्हतं. वर पंचा असायचा. त्याला माहीत होता तो बोल, आणि बोल तर तोंडाने घडाघडा येत होता. हातांना मात्र खुर्ची कळत नव्हती, गुळगुळीत, आवाज न करणारी बटणं कळत नव्हती. तो जमिनीवर उतरला, कळफलक मांडीवर घेतला. आता तो मनात मात्रा मोजत होता, आणि मोजून वाजवलेला तुकडा कधी कुणाचा बरोबर आलाय? त्याने पखवाज काढला, त्यावर वाजवला. स्वच्छ आला. लगेच कळफलक घेतला. नाही.

धोंडू आला तेव्हा गंगाधर पखवाज आणि कळफलक दोन्ही पुढ्यात घेऊन बसला होता.

त्याने खरं ते सांगितलं. धोंडू जवळ येऊन बसला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला चाल आठवत असेल ना? तुम्ही म्हणा, मी घेतो." गंगाधरने म्हणून दाखवली. पण त्याच्या हातात जेवढा ताल होता तेवढाच गळ्यात सूर नव्हता. नावेचा गजर निघाला तो गणपतीच्या आरतीसारखा. धोंडूने मान खाली घातली.

"मला आधी का नाही दिलंत?"

"दिलं असतं तर नायगावला पोचलं असतं."

"म्हणजे घागरीचा मी पोचवला?"

गंगाधरने त्याच्या हातांकडे बघितलं. पहारेकऱ्याचं हातांकडे बघणं म्हणजे काय, ते धोंडूला कळलं. तो चपला घालून निघाला, आणि दारातून म्हणाला, "बुवांचा आवाज तुम्ही कोंडून मारलात, काका." मोरीत भांडी घासणाऱ्या अंबिकेचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

दुसऱ्या दिवशी दादरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस आणला. त्याने यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, खोलून देतो. आख्खं नवीन करतो. पण ते हिरवं केलंय ना, ते गेलं समजा." गंगाधरने यंत्रावर हात ठेवला, जसा इस्पितळात बुवांच्या छातीवर ठेवला होता, आणि त्या माणसाला चहा देऊन परत पाठवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते अंबिकाच जाणे. गंगाधर जेवायचा आणि कळफलक मांडीवर घ्यायचा, तुकडा वाजवायचा, थांबायचा, बोटं बघायचा. बोटांकडे बघितलं की ती लाजल्यासारखी एकमेकांत अडकायची. खाली मैदानात मांडवाचे बांबू पडले. मंडळाची पोरं जिन्यातून वर बघून जायची आणि विचारायची नाहीत. धोंडूने निरोप पाठवला की तो जुनीच भजनं म्हणेल आणि बुधाजी बुवांपुढे हरेल. हरणं नवीन नाही, पण बुवांचा शेवटचा गजर गेला ते वाईट झालं.

बारी परवावर आली. संध्याकाळची वेळ. गंगाधर भिंतीला टेकून बसला होता, कळफलक मांडीवर तसाच. वाजवणं त्याने सोडलं होतं. यंत्र विचारून विचारून थकल्यासारखं समोर उजळलेलं होतं. अंबिका पाठमोरी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. थापता थापता गुणगुणायला लागली. ते आपोआप आलं की मुद्दाम, ते तिलाच ठाऊक. आधी नुसता हुंकार, मग सूर, मग शब्द. कडवं उचललं, वर नेलं, बुवा जिथे दम घ्यायचे तिथे तिनेही घेतला. भाकरी फिरवायची थाप आणि सम एकाच जागी पडत होती. गंगाधरचं डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. त्याच्या हातांना मात्र ते कळलं. मांडीवर काय आहे हे न बघता ते ठेका धरायला लागले, अगदी हलके, बटण न दाबता. शेवटचं कडवं आलं. बुवांचा आवाज जिथे फाटला होता तिथे अंबिकेनेही सूर तसाच फाडला, कारण तिने ऐकला होता तसाच. ती थांबली. आणि थांबल्यावर जो तुकडा यायचा तो आला, दोन्ही हातांनी, जोराने.

यंत्राने सूर काढला आणि पडदा उघडला.

गंगाधरने डोळे उघडले. हिरवी नावं समोर होती. त्याने आधी ती बघितली, मग अंबिकेची पाठ. ती वळली नव्हती.

"ही चाल तुका खय गावली?"

"खय म्हणजे? बुवा काय शेजारच्यांकडे बसायचे?"

"तुला सांगितलं होतं, काय ऐकायचं नाय."

"कानाक काय कडी आसता?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "माका कोणी विचारूक नाय. म्हणून मी सांगूक नाय."

पाच दिवस तो ज्याच्यासाठी तडफडत होता ते भाकऱ्यांच्या परातीशी बसलेलं होतं, आणि त्याने दार लावून त्यालाच बाहेर ठेवलं होतं. मग त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली, हळूहळू, जशी गेटावर उशिरा ओळख पटते तशी.

"आणि घागरीचो?"

आता ती वळली. तोंडावर पीठ लागलेलं. "शेवंतीकडे गेले होते दिवाळीत. चकल्या पाडताना तोंडात आला. शेजारची बाई म्हणाली, किती गोड, परत म्हणा. बुवा नुकतेच गेलेले. मी म्हटला." शेवंती म्हणजे तिची बहीण, नायगावला बीडीडीत राहणारी. तिच्या शेजारच्या बाईचा नवरा कुठल्या मंडळात झांज वाजवतो, हे अंबिकेला तेव्हा कुठे माहीत होतं?

"मग आता ओरडा," ती म्हणाली.

गंगाधर ओरडला नाही. तो उठला, पायांना मुंग्या आलेल्या, आणि गॅलरीत जाऊन खाली खेळणाऱ्या पोरांपैकी एकाला म्हणाला, धोंडूकाकाला बोलव, म्हणावं उघडलं. मग आत येऊन दार लावायला गेला, सवयीने, आणि कडीला हात लावून तसाच उभा राहिला. शेवटी दार उघडंच ठेवून बसला.

धोंडू धावत आला. गंगाधरने त्याला आधी हात जोडले. घागरीचा कोणी पोचवला ते त्याने धोंडूला सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाला की तू नव्हतास. धोंडूने अंबिकेकडे बघितलं, तिने तव्याकडे. तिघांनाही पुरेसं झालं. दोन दिवस बुवांचा आवाज आणि अंबिकेचा आवाज ऐकून धोंडूने गजर बसवला. जिथे यंत्रात शब्द पुसट होता तिथे अंबिका सांगायची. जावयाने येऊन सीडी करून दिली. ती गंगाधरने स्वतःच्या हाताने धोंडूच्या खिशात घातली. यंत्राला दोन दारं झाली, एक मुलांच्या पत्त्यांचं, बिनकुलपाचं, आणि एक गजरांचं. आणि अंबिकेच्या मांडीवर कळफलक देऊन त्याने तिला तुकडा शिकवला. पंचा न टाकता. तिचा डावा हात कणकेला सरावलेला, तो पटकन बसला.

बारी झाली. बुधाजी बुवांनी पहिल्याच फेरीत घागरीची ओळ टाकली, स्वतःचे शब्द घालून, आणि गंगाधरकडे बघून हसले. मैदानात आवाज उठला. धोंडूचा चेहरा पांढरा पडला. गंगाधरने पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक ओली केली आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग धोंडूने नाव सोडली. शेवटच्या कडव्याला जिथे आवाज फाटायचा तिथे त्यानेही फाडला, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या गिरणीवाल्यांना बुवा पेटीवर बसलेले दिसले. बुधाजी बुवांनी मांडीवर हात मारून दाद दिली. त्यावर त्यांच्याकडे टाकायला काही नव्हतं.

उठताना ते गंगाधरजवळ आले. "एक गजर आम्हाला मिळालेला," ते म्हणाले. "हा कुठे ठेवलेलास?"

"कुलपात."

"कुठल्या रे?"

गंगाधरने मान वळवली. बायकांच्या बाजूला अंबिका सतरंजी झटकत होती, आणि झटकता झटकता गुणगुणत होती.